आप्पा खोतांनी गिळलेला विडा

घोडेटोकावर वारा कसा असायचा ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. आमच्या शिवा घाड्याची टोपी एकदा तिथून उडाली, ती थेट वेळणेश्वराच्या देवळात जाऊन पडली. तिथल्या पुजाऱ्याने निरोप धाडला, "टोपी पोचली. डोकं मागाहून पाठवताय की कसं?" कुत्रा टोकावर भुंकला तर भुंकणं वाऱ्याने मागे फिरायचं आणि कुत्रा स्वतःच्याच आवाजावर धावून जायचा. खोटं वाटत असेल तर कुत्र्याला विचारा. मी शिवाला विचारलं होतं.

आरे-वारेच्या पलीकडे, डोंगर जिथे समुद्रात नाक खुपसतो, तिथे आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण आप्पा खोतांचे नातू अजून भांडखोर आहेत. गाव दोन तुकड्यांत. वरच्या वाडीत आंब्याची कलमं, भाताचे मळे, देऊळ आणि माज. खालच्या वाडीत होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी आणि त्या मासळीहून खारट जिभा. दोहोंच्या मधे घोडेटोक, आणि टोकाच्या कुशीत कातळात खोदलेली देवाची बाव. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. ऐन वैशाखात तिचं पाणी प्यायलं तर दात शिवशिवायचे. खालच्या वाडीतल्या विहिरी मात्र सगळ्या मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजवायला बसलेली सून सासू होऊन उठायची, तरी डाळ कच्चीच.

म्हणून खालच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या टोकावरच्या पायवाटेने बावीवर यायच्या. ती वाट आप्पा खोतांच्या कलमांच्या कडेने जायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, शिमग्यात आप्पा पडेपर्यंत.

झालं काय, पालखी खालच्या वाडीत नाचवायला नेली होती. आप्पा पुढे, कडक धोतर, नवा फेटा, मिशीला तूप. मासळीच्या ओलीवर पाय पडला आणि आप्पा सरळ उताणे. एवढ्यात गोदूबाई म्हणाली, "काय गो बाय, बांगडासुद्धा याच्यापेक्षा रुबाबात पडतो!"

ही गोदूबाई म्हणजे खालच्या वाडीतल्या एका होडीच्या तांडेलाची विधवा. अंगाने काडी, आवाजाने आगबोट. तिच्या त्या एका वाक्यावर गाव असं हसलं की पालखीचा दांडा हलायला लागला. आप्पा उठले, धोतर झटकलं, आणि आठवड्याच्या आत टोकावरच्या वाटेवर छातीएवढा गडगा उभा राहिला. जांभ्याच्या चिऱ्यांवर चिरे रचून घातलेली आडवी भिंत, वर करवंदीची काटी. कारण काय, तर म्हणे, बायकांचे पदर लागून कलमांचा मोहोर झडतो.

गावकी बसली. गोदूबाईने विचारलं, "आप्पा, वाट का अडवलीत?"

"कुठली वाट?" आप्पा म्हणाले. "इथं वाट कधी नव्हतीच. माझ्या बापाने पाहिली नाय, आज्याने पाहिली नाय."

"मग आम्ही काय उडत येत होतो?"

"तू उडत असशील. तुझ्यासारख्या झाडावर असतात म्हणतात."

वरच्या वाडीतले निम्मे लोक आप्पांची जमीन कसत होते. ते सगळे आपापल्या पायाचे अंगठे बघत बसले. आप्पांचा चुलतभाऊ गंगाराम तेवढा आप्पांना घाबरत नसे. तो आप्पांचा इतका द्वेष करायचा की आप्पांनी दिवस म्हटला तर हा कंदील लावायचा. पण तोही गप्प. त्याला वाट नको होती, त्याला आप्पांचा मान हवा होता. त्या मानाचं पुढे येईल.

थोडक्यात, वाट होती असं वरच्या वाडीतला एकही माणूस बोलेना, आणि खालच्यांच्या बोलण्याला वर कोणी विचारत नव्हतं.

मग बायका खालून यायला लागल्या. टोकाच्या पायथ्याशी, खडपावरून, ओहोटी साधून, डोक्यावर हंडा. शेवाळलेला खडक आणि डावीकडे समुद्र. गोदूबाईची सून राही एकदा परतताना घसरली. लाटेने हंडा नेला, राही कालवांनी भरलेल्या खडकाला मिठी मारून लोंबकळत राहिली. वर ओढली तेव्हा दोन्ही हातांची सालटी निघालेली. गोदूबाईने त्या हातांना हळद लावली आणि एकच बोलली, "पुढच्या पावसाळ्याआधी वाट उघडली नाय, तर ह्या वाडीतली एखादी पोर समुद्र नेणार. आणि तो मेला तेव्हाही म्हणेल, इथं समुद्र कधी नव्हताच."

अशा गोडीगुलाबीत चारुदत्त मास्तर गावात आले.

साल बत्तीस असावं. मास्तर रत्नागिरीच्या एका शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी तिथल्या तरण्या पोरांचं एक मंडळ काढलं होतं: रविवारी सकाळी निघायचं, समुद्राच्या कडेकडेने दिवसभर चालायचं, कडे चढायचे, उतरायचे, आणि दिवेलागणीला घरी. मास्तर आधी एकटे जाऊन वाट पाहायचे, पाणी कुठे, सावली कुठे, भरती कुठे अडवते, आणि मग बेत ठरवायचे. माणूस वाळक्या सुरमईसारखा. मास्तरांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचा न्हावी म्हणायचा की एकदा पाहिलंय, पण तेव्हा वस्तरा लागला होता.

फाट्यावर माझं चहाचं दुकान होतं. मास्तर बाकावर बसले, माझ्या डबीतला चुना मागून घेतला आणि बोटाने बाकावर सगळा किनारा काढला. हे आरे, हे वारे, ही मधली वाळू, हा सुरूच्या झाडांचा पट्टा. चहाचा कप ठेवला ते घोडेटोक.

"आरेहून उजाडताच निघू," मास्तर म्हणाले. "ऊन तापायच्या आत वाळू संपवायची. मग टोक चढून बावीवर भाकरी, पलीकडे खालच्या वाडीत उतरायचं आणि होडीने परत. टोकावरून वाट आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "नाय."

आप्पा खोत. आले आणि बसले ते नेमके किनाऱ्यावर. पुन्हा उठले तेव्हा आरे-वारे दोन्ही त्यांच्या धोतराला लागून गेलं होतं.

"टोकावरून वाट नाय," आप्पा म्हणाले. "तिथं वाघ आहे. वाघीण आहे. त्यांचं पटत नाय, म्हणून दोघं वेगवेगळी शिकार करतात. शिवाय एक खवीस आहे, तो पुणेरी टोप्या ओढतो."

"मी बोडका चालतो," मास्तर म्हणाले.

"मग तो टाळू चाटतो."

"आप्पासाहेब, मला वाघाचं कुटुंब नको, वाट सांगा."

"वाट नाय म्हटलं ना? टोकावर पाय ठेवलास तर तंगडी मोडून हातात देईन."

"एक मोडाल. दुसरीने लाथ घालीन. आणि मागे आख्खं मंडळ आहे, शिंच्यांना मी लाथा घालायचीच कवायत शिकवली आहे."

मी दोघांना चहा पुढे केला. दोघांनी एकमेकांकडे बघत प्यायला, आणि तो चहा पोटात नासला असणार. आप्पा जाताना म्हणाले, "तू येशील त्या रविवारी माझे गडी कोयते घेऊन गडग्यावर असतील. कलमांची छाटणी आहे."

"माघात छाटणी?" मी विचारलं.

"माझी कलमं. मी पावसात छाटीन, अंधारात छाटीन. तू चहा ढवळ."

गोदूबाई तेव्हा दुकानाच्या मागे मासळीची पाटी उतरवून बसली होती. तिने सगळं ऐकलं. आप्पा दिसेनासे झाले तशी पुढे आली आणि मास्तरांना म्हणाली, "मास्तर, वाट आहे. माझ्या सासवेची सासू त्या वाटेने गेली. पण तुमची पोरं अशीच आली तर कोयत्यांना मिळतील. देवाचं गाऱ्हाणं घालून निघा. देवाने हो म्हटलेल्या माणसाला या गावात कोण शिवत नाय."

"मी चालायला येतोय, पूजेला नाही," मास्तर म्हणाले.

"मग चाला खडपावरून. माझी सून चालली होती, तिचे हात बघून या."

मास्तर खरंच राहीचे हात बघून आले. परत आल्यावर बाकावर पुन्हा चुना घेतला, पुसलेलं आरे-वारे पुन्हा काढलं आणि म्हणाले, "माघी पुनव रविवारी येते. ओहोटी उजाडताना आहे. त्या दिवशी येतो. नारळ कोण आणणार?"

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मुंबईला वाढलेल्यांसाठी सांगतो. गुरव देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यामागे गावाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे पहिलं "व्हय म्हाराजा" म्हणायचा मान खोतांच्या घराण्याचा, म्हणजे आप्पांचा. आधी आप्पा, मग गाव. आप्पा गप्प राहिले तर मान पुढच्या मानकऱ्याकडे, म्हणजे गंगारामकडे. गंगाराम त्या एका क्षणासाठी जन्मभर घसा साफ करत आला होता. आणि देवापुढे "व्हय म्हाराजा" म्हटलेला शब्द फिरवायचा नाही. फिरवणारा खोटा, आणि खोट्याला कसला मान?

गोदूबाई भिकाजी गुरवाकडे गेली. भिकाजी आप्पांना इतका भ्यायचा की आप्पा शिंकले तर हा देवळात नमस्कार घालायचा.

"गोदू, मला मारशील तू," तो म्हणाला. "आप्पांच्या विरुद्ध एक शब्द मी बोलणार नाय."

"कोण सांगतं विरुद्ध बोल? स्तुती कर. तोंड भरून कर. त्यांच्या कलमांची, त्यांच्या मानाची, त्यांच्या बापजाद्यांची. स्तुती करायला कसली भीती रे?"

"नुसती स्तुती?"

"नुसती. शब्द मी देते, तू पाठ कर."

भिकाजी विचार करत माझ्या दुकानात आला, आणि दोन कप चहा पिऊन, स्तुतीत धोका तो काय, असं स्वतःलाच विचारत गेला.

पण आप्पा काही दूधखुळे नव्हते. गाऱ्हाण्यात वाटेचं काहीतरी निघणार हे त्यांनी ताडलं होतं. जावं तर तोंडातून व्हय जाईल, आयुष्यभराची सवय. न जावं तर गंगाराम टपलेला. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले, दुकानाशी बसणाऱ्या पानवाल्याच्या टोपलीतलं सगळ्यात मोठं पान निवडलं आणि त्यात चुना, कात, सुपारीची खांडं आणि मूठभर तंबाखू भरून बघितली. असा विडा बांधला की त्यावर छप्पर घातलं असतं तर एखादं कुटुंब राहिलं असतं.

"उद्यासाठी?" मी विचारलं.

"तोंडात एवढा ऐवज असला की माणूस नुसतं हूं म्हणतो," आप्पा म्हणाले. "हूं म्हटलं की मान राहिला. आणि हूं म्हणजे व्हय नव्हे. कळलं का, चहावाल्या?"

मला कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. एवढी गंमत आपण एकट्याने बघावी असं वाटलं.

माघी पुनवेच्या सकाळी मास्तर पोरांना घेऊन वाळूतून आले, घामाने निथळत, एका रांगेत. देवळासमोर गाव जमलं. एका बाजूला आप्पांचे गडी कोयते घेऊन. दुसऱ्या बाजूला खालची वाडी. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या, गोदूबाई सर्वांत पुढे. रिकामा हंडा घेऊन देवळात येतात का, असं कोणी तरी म्हणालं. "भरायची वाट कुठाय?" तिने विचारलं.

आप्पा आले. दोन्ही गाल फुगलेले, डोळे बाहेर. मारुतीने सूर्य गिळला तेव्हा तो असाच दिसला असणार. शेजारी गंगाराम, घसा साफ करत.

भिकाजीने नारळ हातात घेतला. नारळातलं पाणी वाजत होतं.

"बा देवा म्हाराजा! ही शहरची लेकरं आज तुझ्या दारातून चालत निघाली आहेत. त्यांच्या पायाला काटा लागू देऊ नको..."

आप्पा म्हणाले, "हूं."

गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

गंगाराम उसळला. "हे हूं कसलं? म्हैस पान्हवते तेव्हा असं करते!"

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की गंगारामची मिशी जराशी होरपळली. भिकाजी घाईने पुढे गेला.

"वाऱ्यापासून, लाटेपासून त्यांना सांभाळ..."

"हूं."

"व्हय म्हाराजा!"

आप्पांचे डोळे हसत होते. तोंडातून लाल ओघळ हनुवटीवर आला होता, पण विडा शाबूत होता. गोदूबाईने भिकाजीकडे बघून नुसती मान हलवली.

"आणि बा देवा म्हाराजा," भिकाजी म्हणाला, "ह्यंदा आप्पांच्या कलमांना जो मोहोर आलाय, तो टिकू दे. तुडतुडा जाळून टाक. फांदी मोडेल एवढा आंबा धरू दे..."

आप्पांनी हूं म्हणायला श्वास घेतला, आणि तेवढ्यात त्यांची नजर गंगारामकडे गेली. गंगारामचं तोंड उघडलेलं होतं. आमच्याकडे समज असा की मागणं ज्याच्या तोंडाने व्हय होतं, ते देव त्याच्या पदरात घालतो. गंगारामचीही कलमं होती, आणि आप्पांसाठी मागितलेला मोहोर गंगारामच्या फांदीवर जाणार होता!

आप्पांनी विडा गिळला. सबंध. सुपारी, कात, चुना, तंबाखू, सगळं. गळ्यातून तो उतरताना दिसला, अजगराच्या पोटात ससा दिसतो तसा. आणि मग वर्षानुवर्षांचा तो आवाज सुटला.

"व्हय म्हाराजा!"

देवळाची घंटा आपोआप वाजली. पिंपळावरचे कावळे उडाले ते चार दिवस परतले नाहीत. गंगारामचं उघडं तोंड तसंच राहिलं.

"आप्पांना जे पाण्यात बघतात, त्यांची तोंडं वाकडी कर!"

"व्हय म्हाराजा!" आप्पा गोदूबाईकडे बघून गरजले.

"आप्पांच्या घराण्याचा मान असाच राहू दे, दुसऱ्या कोणाला मिळू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" हे गंगारामकडे बघून.

तंबाखू आता चढायला लागली होती. आप्पांच्या कपाळावर घाम, कान लाल, पाय जरा फाकलेले. पण आवाज लयीला लागला होता. एकदा लय लागली की गाऱ्हाणं थांबत नाही. उतरणीला लागलेल्या बैलगाडीसारखं ते. भिकाजीलाही सूर सापडला होता, तो भ्यायचं विसरला.

"आप्पांचे बापजादे पुण्यवान होते, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांनी तुझं देऊळ सांभाळलं!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांनीच तुझ्या बावीची वाट राखली, खालच्या वाडीतल्या लेकीसुनांना पाण्याला येऊ दिलं, तीच वाट तशीच चालू राहू दे!"

"व्हय म्हा..."

तिथे आप्पांना कळलं. पण गाडी उतारावर होती.

"...राजा!"

मागोमाग अख्खं गाव, वरची वाडी, खालची वाडी, मास्तरांची पोरं, कोयतेवाले गडीसुद्धा: "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. आप्पांना उचकी लागली.

"हे... उक्... हे मी तसं बोललो नाय."

गंगाराम पुढे सरसावला. त्याला जन्मात इतका आनंद झाला नव्हता. "म्हणजे देवापुढे खोटं बोललात? तसं सांगा. सगळ्यांसमोर सांगा. मग मान कोणाचा?"

आप्पांनी गंगारामकडे बघितलं, देवाकडे बघितलं, शेवटी गोदूबाईकडे. तिने हंडा कमरेवर घेतला आणि टोकाकडे चालायला लागली. तिच्यामागे हातांना फडकी गुंडाळलेली राही, मग बाकीच्या बायका, मग मास्तर आणि त्यांची रांग, मग गाव. आप्पा उचक्या देत सर्वांत शेवटी.

गडग्यापाशी सगळे थांबले. गड्यांनी आप्पांकडे बघितलं. काटीला हात लावायची कोणाची छाती होईना.

"काढा... उक्... काढा!" आप्पा ओरडले. "नाय, थांबा. माझा गडगा मी काढतो. तुमचे घाणेरडे हात नकोत माझ्या चिऱ्यांना."

आणि त्यांनी स्वतः एकेक चिरा उचलून बाजूला फेकला. प्रत्येक चिऱ्यामागे एक शिवी. गोदूबाई समोर उभी, प्रत्येक शिवीला एक उत्तर.

"तुझ्या पाण्यात किडे पडोत!"

"बाव देवाची हाय, सांगा त्याला."

"तुझी जीभ झडो!"

"तुमची राहू दे, पुढच्या वर्षी लागेल."

चारुदत्त मास्तर बाजूला उभे राहून टोकाची चढण डोळ्यांनी मापत होते. शेवटचा चिरा पडला तसे म्हणाले, "आप्पासाहेब, तुमचा वाघ कुठे भेटेल? पोरांना सावलीला बसवायचंय."

आप्पांनी चिरा त्यांच्या दिशेने भिरकावला. मास्तर कवायतीचे, झटकन वाकले. चिरा टोकावरून खाली समुद्रात गेला. बायका त्या फटीतून आत शिरल्या, आणि थोड्या वेळाने बावीतून पहिला हंडा वर आल्याचा आवाज आला.

त्या दिवशी पोरांनी बावीवर भाकरी खाल्ली, पलीकडे उतरली, होडीने परत गेली. पुढे ती दर हिवाळ्यात यायची, मंडळाच्या नकाशात घोडेटोक कायमचं बसलं. मास्तर मला दर वेळी चहा वाईट आहे म्हणून सांगायचे आणि दर वेळी प्यायचे.

आप्पा गोदूबाईशी मरेपर्यंत बोलले नाहीत. शिव्या दिल्या, पण ते बोलणं नव्हे. पुढल्या माघात ते भिकाजीला दरडावायला गेले की ते वाटेचं वाक्य गाळ. भिकाजी म्हणाला, "आप्पा, गाऱ्हाण्यात एकदा आलेलं गाळता येत नाय. गाळलं तर मोहोराचंही गाळावं लागेल." तेव्हापासून दर वर्षी माघी पुनवेला आप्पा खोत देवापुढे उभे राहायचे, विडा न खाता, जबडा आवळून, आणि सगळ्या गावाआधी, सगळ्यांत मोठ्याने, त्या वाटेला व्हय म्हणायचे. समोर गोदूबाई उभी असायची, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन.

आप्पांना पाण्यात बघणाऱ्यांची तोंडं वाकडी व्हावीत, असंही त्या गाऱ्हाण्यात होतं ना? तेही देवाने ऐकलं. आप्पांनी व्हय म्हटलं की गोदूबाईचं तोंड डाव्या बाजूला जे वाकडं व्हायचं, ते हसू आवरून आवरून. पाण्याचा थेंब मात्र हंड्यातून सांडायचा नाही.